‘जेंट्रिफिकेशन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: ठाण्यातल्या किसननगर, हजुरी, राबोडी भागांच्या क्लस्टर योजनेवर, म्हणजे जुन्या इमारतींच्या एकत्रित पुनर्विकासावर, लेख लिहितेय. ‘जेंट्रिफिकेशन’साठी, म्हणजे पैसेवाले येऊन वस्ती महाग होते आणि जुन्या गरीब रहिवाशांना निघावं लागतं त्यासाठी, ‘सधनीकरण’ चालेल की ‘अभिजनीकरण’?

कोपरीकर: ‘अभिजनीकरण’ नको, त्यातून घराणं आणि मानपान सुचतो, इथे प्रश्न पैशाचा आहे. ‘सधनीकरण’ बरा, पण मोकळा सोडू नका. गावाचं विद्युतीकरण म्हणजे गावालाच वीज मिळते. तसं नुसतं सधनीकरण वाचून तिथले लोकच श्रीमंत झाले असं वाटेल. ‘वस्तीचं सधनीकरण’ लिहा. आणि ‘पुनर्विकास’ हा त्याचा पर्यायी शब्द नव्हे. पुनर्विकास गरजेचाही असतो, धोकादायक इमारती पाडायलाच हव्यात. २०१३ मध्ये शिळफाट्याजवळ अनधिकृत इमारत कोसळून ७४ माणसं गेली, ते ठाण्यात कुणी विसरलेलं नाही.

चाळकरी: शब्द कुठलाही घ्या, ‘रहिवासी’ मात्र मोघम ठेवू नका. खोलीमालक, पागडीवाला (एकरकमी पागडी देऊन कमी भाड्यात कायम राहणारा) आणि अकरा महिन्यांच्या करारावरचा भाडेकरू एकाच चाळीत राहतात, पण चाळ पडली की तिघांच्या वाटा वेगळ्या. पागडीवाल्याला १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण आहे. अकरा महिनेवाल्याला ना नव्या घरावर हक्क, ना बांधकाम होईपर्यंत बिल्डरकडून पर्यायी घराचं भाडं. आजूबाजूच्या चाळी एकदम रिकाम्या झाल्या की स्वस्त खोल्याही एकदमच संपतात. उरलेल्यांची भाडी आणि डिपॉझिट चढतात, आणि अकरा महिनेवाला लांब दिव्याला नाहीतर टिटवाळ्याला जातो. नव्या घरासाठीच्या पात्र-अपात्रच्या यादीत त्याचं नावच नसतं, त्यामुळे कागदावर तो ‘विस्थापित’ही ठरत नाही. लेखात त्याला जागा द्या.

नौपाडा: पात्र ठरलेलेही सगळे टिकत नाहीत. लिफ्ट, पंप, वॉचमन, जिन्यातले दिवे, सगळं मेंटेनन्समध्ये येतं. बिल्डर ‘कॉर्पस’ देतो, म्हणजे ठेव. तिच्या व्याजातून मेंटेनन्स भागावा ही कल्पना. समजा घरामागे ४०,००० रुपये ७ टक्क्यांनी ठेवले, तर वर्षाला २,८०० म्हणजे महिन्याला जेमतेम २३३. मेंटेनन्स १,८०० असेल तर उरलेले दीड हजार खिशातून. शिवाय ओटा जातो. चाळीत दारासमोरच्या ओट्यावर पापड वाळतात, इस्त्रीचं टेबल लागतं. ‘चटई क्षेत्र’ भिंतींच्या आतलं मोजतात, ओटा त्यात धरत नाहीत. घर मोठं मिळतं, पण त्या घरातली कमाई बंद पडते.

प्रश्नकर्ती: मग फ्लॅट विकून जाणाऱ्याला काय म्हणू? ‘स्थलांतरित’?

कोपरीकर: त्यात मर्जीने गेल्याचा अर्थ येतो. ‘खर्चापायी विस्थापित’ लिहा, आणि वरचा महिन्याचा हिशोब त्याच परिच्छेदात द्या.