कार्बन शाईने ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट: शॅडो सगळे बुजतायत, काय करू?

माजघर_७४
मंडळी, मदत हवीय. जुना एप्सन १३९० आहे, रिफिल कार्ट्रिज टाकून सहाही चॅनलला काळी कार्बन पिगमेंटच भरलीय, एकात तशीच आणि बाकीच्यांत घरी पातळ केलेली, क्यूटीआरमधून (क्वाडटोनरिप, कुठली शाई किती पडायची ते ठरवणारं सॉफ्टवेअर) मॅट कॉटन पेपरवर काढतो. हायलाइट्स नि मिडटोन एकदम झकास, पण शॅडोत, म्हणजे गडद भागात, बोंब. आजीचा चुलीपुढचा फोटो आहे, स्क्रीनवर मागची काजळी धरलेली भिंत, फडताळ, त्यातला तांब्या सगळं दिसतं आणि प्रिंटमध्ये आजीच्या खांद्यामागे नुसता कोळसा. २१ पट्ट्यांची स्टेप वेज (पांढऱ्या ० पासून काळ्या १०० टक्क्यांपर्यंतची चाचणी पट्टी) काढली तर ८५ पासूनचे चारही चौकोन जुळे भाऊ. इंक लिमिट (जास्तीत जास्त किती शाई पडू द्यायची ती मर्यादा) वाढवून बघितली तर अजूनच वाईट झालं. शाई बदलू की पेपर?

शाईचे_हात
काहीच बदलू नकोस, आधी लिमिट वाढवणं थांबव 😀 सगळे इथेच फसतात, मीही दोन पाकिटं पेपर असाच घालवलाय. मॅट पेपरचं कोटिंग ठरावीकच शाई धरतं, त्यापुढे ओतलीस की काळं वाढत नाही, नुसतं ओलं होतं, पसरतं, आणि कधी कधी उलट फिकट पडतं. म्हणजे तुझा ८५ च्या आतच कागद भरलाय, पुढच्या पट्ट्यांना जागाच नाही उरली.
क्यूटीआरच्या कॅलिब्रेशन मोडमध्ये इंक पान काढ, त्यात प्रत्येक शाईची ५ पासून १०० पर्यंत पट्टी येते. रात्रभर वाळू दे, ओल्या प्रिंटवर निर्णय घ्यायचा नाही, पावसाळ्यात तर नाहीच. मग खिडकीशी धरून बघ काळ्याची पट्टी कुठे वाढायची थांबते. समजा ६५ ला थांबली तर लिमिट तिथेच किंवा जरा आधी. अगदी शेवटच्या काळ्याला जोर हवा असेल तर ब्लॅक बूस्ट वेगळा आहे, त्यासाठी सगळी लिमिट चढवायची गरज नाही. त्यानंतर लिनिअरायझेशन, म्हणजे पट्ट्या मोजून टोन सारख्या पायऱ्यांनी गडद होतील असं जुळवणं. स्पेक्ट्रो (टोन मोजायचं यंत्र) नसेल तर साधा फ्लॅटबेड स्कॅनर चालतो, फक्त त्याचं ऑटो करेक्शन बंद ठेव नाहीतर तो शहाणपणा करतो.

डार्करूमवाला
वरचं बरोबरच आहे, पण तुमची फाइल कोणत्या प्रोफाइलमध्ये (फाइलमधला आकडा म्हणजे किती गडद टोन, ते सांगणारी नोंद) आहे? फोटोशॉपमध्ये ग्रेस्केल करताना बऱ्याचदा डॉट गेन २० टक्के (छपाईत शाईचे ठिपके पसरणार हे धरून चालणारं प्रोफाइल) बसलेलं असतं आणि आपण बघतच नाही. विंडोजचं क्यूटीआर प्रोफाइल विचारात घेत नाही, फाइलमधले आकडे घेतं आणि ते गॅमा २.२ या दुसऱ्या प्रोफाइलचे समजतं. तोच आकडा डॉट गेनमध्ये उजळ टोन असतो नि गॅमा २.२ मध्ये गडद, त्यामुळे अख्खा फोटो खाली बसतो आणि पहिला मार शॅडोला. गॅमा २.२ ला कन्व्हर्ट टू प्रोफाइल करा, असाइन नव्हे; कन्व्हर्टने टोन तोच ठेवून आकडे बदलतात, असाइनने आकडे तेच राहतात. स्टेप वेजची फाइलही तपासा, तीही ग्रेस्केल करताना डॉट गेनमध्ये जाऊन आकडे बदलले असतील तर वेजही खोटंच सांगणार.
आणि अपेक्षा जरा जमिनीवर ठेवा. मॅटवर डीमॅक्स (सगळ्यात गडद काळ्याची घनता) १.६ च्या आसपासच मिळतो, चांगल्या बरायटावर (चकाकी असलेला फोटो पेपर) २.२ च्या पुढे जातो. पाठीमागून उजेड येणाऱ्या स्क्रीनशी कागदाची शर्यत लावू नका.

कोकणी_पिक्सेल
बाटली हलवली होतीस का? हसू नका, कार्बन खाली बसतो. माझं असंच झालेलं, वरची पातळ शाई सिरिंजने काढून करड्या शाया बनवल्या आणि तळातली दाट उरलेली काळ्या कार्ट्रिजमध्ये गेली. क्यूटीआरला सांगितलेलं की करडी काळीच्या ३० टक्के दाट आहे आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्मीच, मग काळी जिथे सुरू होते तिथे जिन्याची पायरी चुकल्यासारखा गचका. मिसळताना घुसळू नकोस, फेस झाला की नॉझल गेले, तळहातावर लाटल्यासारखी बाटली फिरव, पाच मिनिटं तरी.

माजघर_७४
आधी कबुली, फाइल डॉट गेनमध्येच होती, वेजपण 🙈 दोन्ही कन्व्हर्ट केल्या तेवढ्यानेच भिंत थोडी उघडली. मग इंक पान काढलं, काळी ६० लाच थांबतेय आणि मी ९० वर चालवत होतो! ५८ ठेवली, स्कॅनरवरून लिनिअराइझ केलं, वेज आता ९५ पर्यंत सरळ मोजता येते. ९५ आणि १०० मधला फरक खिडकीशी नेल्यावरच कळतो. भिंतीवरची काजळी आली, फडताळाची कड आली, तांब्याचा काठ चमकतो, पोट मात्र अजून अंधारात. आणि हो, साधारण ६० च्या पट्टीला बारीक गचका आहे, त्यामुळे कोकणी भाऊ, बाटलीचं तुमचंच खरं दिसतंय, मी ती कधीच हलवली नव्हती. रविवारी गडद करडी ओतून देतो आणि नवीन बनवतो. सिरिंज १० मिलीची पुरते की मोठी आणू?

कोकणी_पिक्सेल
१० चीच आण, पण काळ्याला एक आणि पाण्याला वेगळी. पाणी डिस्टिल्ड घे, नळाचं नको.