आईच्या गुडघेदुखीच्या पुडीत स्टेरॉइड असेल तर लगेच बंद करायचं का?

मानेवाड्याचा_मुलगा
नमस्कार मंडळी. आईचं वय 63, गुडघे अन् कंबर दोन्ही दुखतात. शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून एका माणसाकडून सुट्या गोळ्या आणल्या, कागदाच्या पुडीत, नाव नाही काही नाही. तिसऱ्या दिवशी आई चौकातून स्वतः भाजी घेऊन आली, आम्ही सगळे खूश. आता चार महिने झाले, चेहरा गोल सुजल्यासारखा, भूक भयंकर, जरा लागलं की हात काळानिळा पडतो आणि उपाशीपोटी शुगर जी 100 च्या आत असायची ती 190 आली. मेडिकल स्टोअरवाला म्हणे यात स्टेरॉइड असेल, आजच बंद करा. करू का? खूप भीती वाटते आहे.

निवृत्त_सिस्टर
बेटा, मनाने एकदम बंद करू नको. आपल्या मूत्रपिंडांवर छोट्या ग्रंथी असतात, त्या रोज शरीरापुरतं स्टेरॉइड बनवतात. बाहेरून तीनचार आठवड्यांच्या वर मिळत राहिलं की त्या झोपी जातात, मग गोळी अचानक थांबली तर उलट्या, चक्कर, बीपी एकदम खाली, पेशंटच्या जिवावर बेततं. मी वॉर्डात असे पेशंट पाहिलेत म्हणून कळकळीने सांगते. उद्याच नागपूरच्या मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, नाहीतर मिहानच्या एम्सला मेडिसिन ओपीडीत ने, उरलेली पुडी सोबत ने, डोस हळूहळू कसा उतरवायचा ते डॉक्टर ठरवतील. आणि वरून दुसरी पेनकिलर देऊ नको, दोन्ही मिळून पोटात अल्सर होतो. शौचाला काळं झालं किंवा आई गळून पडली तर ओपीडीची वाट पाहू नको, थेट कॅज्युअल्टी.

सांधेवाली_ताई
सिस्टर बरोबर बोलल्या, पण स्टेरॉइड म्हणजे विष असं कोणी समजू नका प्लीज. मला आमवात आहे, सकाळी बोटं वळायची नाहीत. डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड 10 मिग्रॅ दिलं, सकाळी नाश्त्यानंतर, कारण आठवड्यातून एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्सेट या आमवाताच्या मुख्य औषधाला असर करायला दीडदोन महिने लागतात, तेवढ्यापुरता आधार. मग कमी करत करत बंद. सोबत कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, डोळ्यांची तपासणी, शुगर. फरक एवढाच की मला काय चाललंय, किती आणि कधीपर्यंत हे माहीत होतं. तुमच्या आईचे गुडघे झिजलेले असतील तर रोजची स्टेरॉइडची गोळी त्याचा इलाजच नाही. मांडीचे व्यायाम, वजन, फारच दुखलं तर सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन, तेही एका गुडघ्यात साधारण तीन महिन्यांचं अंतर ठेवून, आणि शुगरवाल्यांची शुगर त्यानंतर काही दिवस चढते.

इतवारी_भाऊ
भाऊ, खुब्यात किंवा जांघेत दुखत असन तर एमआरआयचं विचारजो. स्टेरॉइडनं खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद होऊ शकते, माह्या भावाचं तसंच झालं, शेवटी खुबा बदलावा लागला. अन् आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार लय आहे, त्यातही हाडं दुखतात अन् खुबा जाते. घरात कोणाले असन तर डॉक्टरले आधीच सांगजो, अशा पेशंटले स्टेरॉइड देताना लय जपा लागते.

मानेवाड्याचा_मुलगा
सगळ्यांचे मनापासून आभार. सकाळी सातलाच मेडिकलला निघतो, पुडी आणि शुगरचे रिपोर्ट पिशवीत ठेवलेत. आत्ता शेजारी जाऊन काकूंनाही सांगून आलो, त्या दोन वर्षांपासून त्याच गोळ्या खात आहेत. त्यांनाही सोबत नेतो.