मुलांच्या विश्वासातले टप्पे : तुमच्या घरात ते कसे जपले?

बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकात, चौथ्या अध्यायात, इस्राएल लोक यार्देन नदी ओलांडताना तिच्या पात्रातून बारा दगड उचलून आणतात. कशासाठी, तर पुढे मुलं विचारतील, "हे दगड कसले?", तेव्हा सांगता यावं म्हणून. ते वाचल्यापासून वाटतं, मूल विचारेल असं काहीतरी घरात हवंच.

आमच्याकडे लेकीच्या बाप्तिस्म्याची, म्हणजे पाण्याने मंडळीत घेण्याच्या विधीची, मेणबत्ती आहे. दरवर्षी त्या तारखेला जेवणाआधी ती पेटवतो. चार वर्षांची असताना तिने विचारलं, "ही माझी, तर अशी जळलेली का?" मग सगळं सांगितलं: पाणी पडल्यावर ती कशी रडली, धर्ममातेने तिच्या वतीने उत्तरं कशी दिली. आता ती सहा वर्षांची आहे आणि ती गोष्ट तीच आम्हाला सांगते. एक शब्द इकडचा तिकडे झालेला तिला चालत नाही.

तुमच्याकडे काय करता? समर्पण (बाळाला देवाच्या हाती सोपवणं), बाप्तिस्मा, पहिलं प्रभुभोजन (उपासनेत ख्रिस्ताच्या आठवणीची भाकर घेणं), दृढीकरण (बाप्तिस्म्यातला विश्वास पक्का करण्याचा विधी), किंवा कुठल्याच नोंदवहीत नसलेलं काही. जे चुकलं तेही लिहा.

दोन मुलींचा बाबा
आमच्या मंडळीत तान्ह्या बाळाचं समर्पण होतं; बाप्तिस्मा मुलाने स्वतः विश्वास कबूल केल्यावर. थोरली अकरा वर्षांची असताना तिच्या बरोबरीच्या तिघींनी नावं दिली आणि मी तिच्या मागे लागलो. एकदा ती म्हणाली, "बाबा, मी तुमच्यासाठी घेऊ का बाप्तिस्मा?" त्यानंतर तीन वर्षं मी विषय काढला नाही. फार जड गेली ती वर्षं. रोज रात्री तिच्या खोलीचा दिवा बंद झाला की दाराबाहेर उभा राहून प्रार्थना करायचो, तिला ऐकू जाणार नाही अशी.

चौदाव्या वर्षी एका रात्री अभ्यासाची वही मिटून म्हणाली, "आता द्या माझं नाव." पाण्यात उतरताना तिने पाळकांचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. वर आली तेव्हा केसांतलं पाणी डोळ्यांत जात होतं, पण ती ते पुसत नव्हती. अकराव्या वर्षी मी हट्टाने नेलं असतं, तर हे मला दिसलं नसतं.

कॅथलिक आई
थोरल्याचं पहिलं कम्युनियन, म्हणजे पहिलं प्रभुभोजन, माझ्या हातून निसटलं. कपडे, पाहुणे, फोटो. संध्याकाळी त्याला विचारलं, "कसं वाटलं?" तर म्हणाला, "बूट चावत होते." दिवसभरात त्याच्याशी त्याबद्दल मी एक वाक्य बोलले नव्हते.

पूर्वी मुलांना यासाठी दहा-बारा वर्षांचं, कुठे त्याहूनही मोठं होईपर्यंत थांबावं लागे. १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी हे वय सातच्या आसपास आणलं. साधी भाकर आणि ख्रिस्ताचं शरीर यांतला फरक मुलाला त्याच्या परीने कळला की पुरे, असं त्यामागचं म्हणणं. मग धाकट्याच्या वेळी वर्षभर त्या एकाच फरकाबद्दल बोललो. त्याआधीच्या पापनिवेदनाला, म्हणजे धर्मगुरूंपुढे आपल्या चुका कबूल करायला, जाताना त्याचे हात गार पडले होते. बाहेर आला तो जिना धावत उतरला आणि म्हणाला, "आई, ते रागावले नाहीत! आणि आता ते सगळं गेलं." माझ्या मते त्याचा मोठा दिवस तोच. मी तो लिहून ठेवला आहे.

ऑर्थोडॉक्स बाबा
आमच्यात बाप्तिस्मा, पवित्र तेलाचा अभिषेक आणि प्रभुभोजन, तिन्ही तान्हेपणीच एकत्र होतात. त्यामुळे पुढे मुलाच्या नावाच्या संताचा दिवस पाळतो. त्या संताची गोष्ट दरवर्षी त्याच्या वयाला झेपेल तेवढीच सांगायची. हुतात्म्याचा शेवट कसा झाला, हे आमच्या मुलाला नवव्या वर्षी कळलं. बराच वेळ गप्प होता.

न बोलणाऱ्या मुलाची आई
दृढीकरणाच्या वर्गात पाठांतर सक्तीचं होतं. माझा मुलगा बोलत नाही. शिकवणाऱ्यांनी सांगितलं, पुढच्या वर्षी पाहू. पुढच्या वर्षीही तेच. मला ते अजून टोचतं. पण घरी प्रभूची प्रार्थना संपत आली की तो आधीच दोन्ही तळवे उघडून धरतो, "आमेन"च्या बरोब्बर आधी. सात वर्षांत एकदाही चुकलेला नाही. ज्या दिवशी पहिल्यांदा हे केलं, ती तारीख आमच्या पवित्र शास्त्राच्या पहिल्या पानावर आहे.

एक आजी
ताई, तुमचं वाचून डोळे भरून आले. तळव्यांपेक्षा मोठं पाठांतर कुठलं असणार?

माझ्या नातीने २३वं स्तोत्र पाठ केलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण पुढे आजोबा गेले, त्या रात्री ती माझ्या अंथरुणात येऊन अंधारात हळूच म्हणाली, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे." पुढचं तिला आठवेना, म्हणून आम्ही दोघींनी मिळून पूर्ण केलं. स्तोत्र तिचं झालं ते त्या रात्री.

सतरा वर्षांच्या मुलाचा बाबा
आमच्याकडेही मेणबत्ती आहे. मुलगा वर्षभर उपासनेला येत नाही. म्हणतो, "मला खोटं बसायचं नाही." त्याच्या बाप्तिस्म्याचा दिवस जवळ आला आहे. पेटवावी का? त्याला दबाव वाटला तर?

एक आजी
दादा, बायबलमधल्या हन्नाने आपला लहान मुलगा शमुवेल देवाच्या मंदिरात सेवेला ठेवला होता. ती दरवर्षी त्याच्यासाठी झगा शिवून नेत असे. मूल डोळ्यांसमोर नव्हतं, माप घेता येत नव्हतं. अंदाजानेच बेतत असेल ना? तुम्ही पेटवा. त्याला बोलावू नका आणि त्याच्यापासून लपवूही नका. जेवायच्या टेबलावर नेहमीच्या जागी असू दे.

सतरा वर्षांच्या मुलाचा बाबा
काल पेटवली. तो उशिरा आला, जेवला, काही बोलला नाही. उठताना त्याने ती स्वतः विझवली आणि कपाटात तिच्या जागी ठेवून दिली.