कॅम्पसची ऑनलाइन ॲप्टिट्यूड: गणितं येतात, वेळ पुरत नाही

सातवं_सेम
इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, पहिला ड्राइव्ह (कंपनीची कॅम्पस भरती) सहा आठवड्यांवर. मॉकमध्ये (सराव परीक्षेत) क्वांटचे, म्हणजे गणिताचे, २५ प्रश्न २५ मिनिटांत करायचे असतात, माझे १४-१५च होतात. घड्याळ न लावता बसलं की तेच सगळे सुटतात. कोडिंगला प्रोग्राम तपासणाऱ्या टेस्ट केसपैकी दिसणाऱ्या पास, हिडन (लपवलेल्या) फेल. आणि न येणाऱ्या प्रश्नाला अंदाजाने ठोकून द्यायचं की सोडायचं?

काळकामवेग
निवांत सुटतात म्हणजे संकल्पना पक्की आहे, रीत लांबची आहे. ‘अ १२ दिवसांत, ब १८ दिवसांत’ दिसलं की अपूर्णांकांची बेरीज मांडू नकोस. काम ३६ भागांचं धर. रोज ३ आणि २, मिळून ५ भाग. ३६ भागिले ५, झाले ७.२ दिवस. एक अष्टमांश म्हणजे १२.५ टक्के, एक सप्तमांश म्हणजे १४.२८, हे तोंडावर हवं. (जुन्या शाळांत पावकी-निमकीचे पाढे घोकून घेत, ते उगाच नव्हे.)

मॉक झाल्यावर नुसता स्कोअर बघून उठू नकोस. प्रत्येक प्रश्नापुढे खूण कर: रीत माहीत नव्हती, आकडेमोड चुकली, की ९० सेकंदांच्या वर गेला. तुझ्या बाबतीत तिसरी खूणच जास्त निघेल. २० सेकंदांत वाट दिसली नाही तर पुढे जा.

उणे_पाव
‘पुढे जा’ला एक अट आहे. ॲमकॅट या भरती परीक्षेसारख्या ॲडॅप्टिव्ह (आधीच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न ठरणाऱ्या) परीक्षेत मागे येता येत नाही, त्यामुळे आधी सूचना वाचा.
ठोकण्याचा हिशोब सोपा आहे. चार पर्याय आणि चुकीला पाव गुण वजा असेल, तर डोळे मिटून ठोकलं तरी सरासरी किंचित अधिकच निघते. एक तृतीयांश वजा असेल तर बरोबर शून्य. एक पर्याय जरी खात्रीने कटला तरी दोन्हीकडे फायदा. निगेटिव्ह नसेल तर कोरं काहीच ठेवू नका.

रनटाइम_एरर
हिडन केस बहुतेक वेळा दोन कारणांनी पडतात. एक, इनपुट १ लाख आकड्यांचं आणि तुमचा लूपमध्ये लूप: हजार कोटी फेऱ्या, वेळेत संपणं अशक्य. म्हणून आधी प्रश्नात दिलेली इनपुटची मर्यादा वाचा, मग सॉर्टिंग (क्रम लावणं) किंवा हॅशमॅपचा (नोंद झटकन शोधून देणारी रचना) विचार करा. दुसरं, बेरीज ३२ बिटांच्या इंट या पूर्णांकाच्या प्रकारात ठेवलेली. तिची धाव जेमतेम २१४ कोटी, त्यापुढे उत्तर उणे येतं. सी++ मध्ये लाँग लाँग, जावात लाँग घ्या.
‘संख्या टाका’ असली ओळ प्रिंट केलीत तरी आउटपुट जुळत नाही. कॉलेजच्या प्रॅक्टिकलची ही सवय फार महागात पडते.

सातवं_सेम
मॉक मोबाइलवर दिले तर चालतील ना?

काळकामवेग
नको. लॅपटॉपवर, फुल स्क्रीन, शेजारी कच्चा कागद. आणि नोटिफिकेशन बंद ठेव. चुकून पॉपअपवर क्लिक झालं तर काही प्लॅटफॉर्म ते टॅब बदलल्यात धरतात.