अनुभव धागा : नागपूरजवळच्या रानात जाता, मागे काय ठेवून येता?

पाऊस ओसरला की रामटेक, खिंडसी, घोग्रा, पेंच अशा आपल्या वाऱ्या सुरू होतात. ट्रेकिंगचे बहुतेक नियम सह्याद्री डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात. आपलं रान सागाचं, उन्हाळा ४५ अंशांचा, आणि सहल म्हटली की रोडगे, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे, आलेच. ‘कचरा करू नका’ सगळ्यांनाच पाठ आहे. त्यापुढचं लिहा. तुम्ही नेमकं काय करता, काय जमतं, काय जमत नाही?

गोवरीवाला

रोडग्यांचा विषय काढलाच आहे, तर ऐका. आमच्या ग्रुपमध्ये जाळाचं खातं माझ्याकडे. वनहद्दीत चूल पेटवायचीच नाही. ओळखीच्या शेतात, तेही धुऱ्यापासून (बांधापासून) दूर, आधीची चूल असेल तिथेच. गोवरीचा विस्तव मोठा फसवा असतो. रोडगे काढले, वांग्याची भाजी संपली, की वर नुसती पांढरी राख दिसते. काठीनं उकरा, आत लालभडक. वरून पाणी शिंपडलं तर राखेची पापडी धरते आणि खालची गोवरी तासन्‌तास धुमसत राहते. म्हणून आधी पाणी, मग काठीनं कालवणं, पुन्हा पाणी, आणि शेवटी राखेला तळहाताची मागची बाजू लावून पाहणं. गार लागली तरच गाडीला किल्ली. सागाचा पाला पडला की मी रोडगे घरच्या गच्चीवर करतो. पोरं नाक मुरडतात. मुरडू द्या.

रामटेक_तालुका

वणवा लागला की शहरातले लोक थेट मोहफुलं वेचणाऱ्यांकडे बोट दाखवतात. अर्धं खरं आहे ते. फुलं पहाटे गळतात, पाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला पेटवायची जुनी रीत आहे. आमच्याकडे आता बरेच जण खराट्यानं झाडून घेतात, कोणी जुनं लुगडं अंथरतात. वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतं, त्याआधी जाळरेषा काढतं. म्हणजे आग पलीकडे जाऊ नये म्हणून साफ केलेला पट्टा. तो आयता रस्ता समजून त्यावर बाइक घालणारे आणि सिगारेटची थोटकं टाकणारे गावातले नसतात भाऊ, एवढंच म्हणतो.

संत्राबर्फी

माझं भांडण ‘कुजतंच ना ते’ म्हणणाऱ्यांशी आहे. संत्र्याची सालं आपल्या कोरड्या हवेत कुजत नाहीत, वाळून कडक होतात आणि महिनोन्‌महिने तशीच पडून राहतात. बरं, ती एकटी नसतात. सालं दिसली की पुढचा माणूस तिथेच चिप्सचं पाकीट टाकतो. रामटेकच्या गडावरची माकडं तर पिशवीचा आवाज ओळखतात. देवळाच्या पायऱ्यांवर एका आजींच्या हातची प्रसादाची पिशवी माकडानं ओढली, त्या तोल जाऊन बसल्या. लोक माकडाला शिव्या घालत होते, आणि शेजारीच एक काका पोराच्या हातानं केळं देत होते!

आणि चंदेरी पत्रावळी घेऊ नका. त्यांवर प्लास्टिकचा पापुद्रा असतो. काड्यांनी टाचलेली पळसाची मिळाली तर ठीक, नाहीतर घरची स्टीलची ताटं. पुसून पिशवीत टाकायची, घासायची घरी. नाल्यात साबण नको.

मानेवाड्याची_ताई

कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. मुक्कामाला संडास नसेल तर एक खुरपं न्या. पाण्यापासून, वाटेपासून आणि तंबूपासून साठ मीटर तरी लांब जा, माझी ऐंशी पावलं होतात. वीतभर खोल खड्डा, नंतर माती लोटून वर पाला. मे महिन्यात मुरुमात खुरपं शिरत नाही, म्हणून झाडाखालची मऊ माती उजेड असतानाच हेरून ठेवायची. पॅड आणि ओले पुसणे (वेट वाइप्स) मातीत पुरायचे नाहीत. जनावरं उकरून काढतात आणि पुसण्यांत बहुधा प्लास्टिकचे धागे असतात. कागदात गुंडाळून झिपच्या पिशवीत, घरी परत. सोबतच्या मुलींना निघण्याआधीच हे सांगते. तिथे गेल्यावर कोणी विचारत नाही, लाजतात.

नागद्वार_वारकरी

आमची वाट जरा वेगळी. नागपंचमीच्या सुमारास मध्य प्रदेशात पचमढीला नागद्वारच्या यात्रेला विदर्भातून किती लोक जातात ते सगळ्यांना माहीत आहे. ही वाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पातून जाते आणि वर्षातून थोडेच दिवस उघडते. सगळ्यात जास्त काय पडलेलं दिसतं सांगू? स्वस्तातले प्लास्टिकचे रेनकोट. पहिल्याच चढाला फाटतात, मग झुडपांना लटकतात. आमच्या मंडळात आता घरचा जाड रेनकोट असल्याशिवाय नाव लिहीत नाही. अन्नदानाच्या भंडाऱ्यात बुंदी हातावर, चहा स्वतःच्या पेल्यात. दुसरी गोष्ट चिखलाची. पायवाटेत चिखल झाला की जो तो कडेनं जातो आणि वाट रुंदावत जाते, माती वाहून जाते. बूट भरू द्या, मधूनच चाला. म्हातारे वारकरी अनवाणी चालतात, त्यांना हा प्रश्नच पडत नाही 😄

रात्रपाळी

पेंचचा आपल्या बाजूचा भाग २०२४ च्या जानेवारीत देशातला पहिला डार्क स्काय पार्क झाला, म्हणजे रात्रीचं आकाश दिव्यांच्या उजेडापासून जपलेली जागा. पेंचमध्ये सिल्लारीकडे मुक्काम असेल तर हेडलॅम्प लाल दिव्यावर ठेवा, तंबूभोवती दिव्यांच्या माळा नकोत. एवढंच.

गोवरीवाला

स्पीकरवाल्यांचं काय करायचं बे? मागच्या हिवाळ्यात शेजारच्या तंबूत रात्री अकरापर्यंत गाणी चालू होती.

मानेवाड्याची_ताई

जेवायला बोलवायचं. आमच्याकडे दोनदा चाललं. ताटावर बसल्यावर गाणं बंद करा म्हटलं की करतात. तिसऱ्यांदा मात्र ते स्पीकर घेऊनच जेवायला आले.