मदत हवी आहे: हिमालयन ४११ वर फॉग लाइट, हीटेड ग्रिप आणि मोबाइल चार्जर एकदम चालतील का?

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरात पुण्याहून स्पितीला निघायचंय. गाडी रॉयल एनफील्ड हिमालयन ४११, मागे बायको. त्याआधी गाडीच्या विजेचा हिशोब नीट लावायचाय, कारण गेल्या जुलैत आंबोलीला मोठा धडा मिळाला. घाटात धुकं इतकं दाट की फॉग लाइट, हेडलाइट, इंडिकेटर सगळं चालू ठेवून दुसऱ्या गिअरवर हळूहळू वर आलो. चहाला थांबलो, आणि परत स्टार्टर दाबला तर नुसतं टक् टक्. या गाडीला किक नाही. पावसात दोघांनी मिळून लोटली, तेव्हा उतारावर कशीबशी सुरू झाली. तेच स्पितीतल्या कुंझुम खिंडीच्या वाटेवर झालं तर काय, या विचाराने झोप लागत नाही.

कागदावरचा हिशोब असा. अल्टरनेटर २२० वॅटचा आहे असं मेकॅनिकने सांगितलं. लो बीम ५५ वॅट. टेल लाइट, मीटर, पार्किंग मिळून १०-१२. फ्युएल पंप, इंजेक्टर, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), इग्निशन यांचे अंदाजाने ६०. म्हणजे १२५-१३० गाडीलाच लागतात, उरतात ९०. जोडलेल्या वस्तू: २० वॅटचे दोन फॉग लाइट, हात गरम ठेवणाऱ्या ३६ वॅटच्या ग्रिप, १८ वॅटचा चार्जर. बेरीज ९४. काठावर आहे, पण फार चुकतंय असंही वाटत नाही. मग आंबोलीला बॅटरी बसली कशी? तेव्हा तर ग्रिप नव्हत्याच.

बॅटरी १२ व्होल्ट, ८ अॅम्पिअर-अवर, सहा महिन्यांपूर्वी नवी घातली. सगळं चालू ठेवून बॅटरीच्या टर्मिनलवर मोजलेले व्होल्ट:

आयडलला १२.४
२,००० आरपीएमला १२.९
३,००० ला १३.५
४,००० ला १४.१

हेडलाइट बंद ठेवून वीज वाचवता येत नाही, एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांना इंजिन सुरू की दिवा सुरू. नेमकी शिल्लक किती आणि ती मोजायची कशी, कोणी सांगेल का?

प्रतिसाद १

दादा, उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. २२० वॅट हा आकडा कुठल्या आरपीएमचा, ते आधी विचारा. इंजिन फिरेल तशी स्टेटर (अल्टरनेटरमधली स्थिर कॉइल) वीज देतो; घाटात १,८००-२,००० वर रांगताना तो पूर्ण आकडा मिळत नाही. शिल्लक हायवेवर वेगळी, धुक्यात वेगळी. आणि फॉग लाइट लागतात ते नेमके गाडी रांगते तेव्हाच.

१२.९ व्होल्ट म्हणजे बॅटरी नीट भरत नाही, बहुधा रिकामीच होतेय. इंजिन बंद असताना चांगली भरलेली बॅटरी रात्रभर ठेवून १२.७ च्या आसपास दाखवते. तिच्यात वीज परत घालायची तर साधारण साडेतेराच्या वर जायला हवं. तुमच्या गाडीत ते ३,००० ला कुठे जमतंय.

प्रतिसाद २

वॅटची बेरीज करण्यापेक्षा करंट मोजा. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (वायरभोवती नुसता पकडायचा) घ्या. स्वस्तातले बरेचसे फक्त एसी दाखवतात, विकत घेताना डायलवर डीसी अॅम्पिअरची खूण बघून घ्या. साधा मल्टिमीटर बॅटरीच्या वायरमध्ये लावून चुकूनही स्टार्टर दाबू नका, त्याचा १० अॅम्पिअरचा फ्यूज तिथेच जाईल.

दोन जागी मोजायचं. एक, आरआर युनिटमधून (रेग्युलेटर-रेक्टिफायर, स्टेटरची वीज डीसी करून व्होल्ट आवरणारा डबा) निघणाऱ्या पॉझिटिव्ह वायरवर: गाडी किती देते ते कळेल. दोन, बॅटरीच्या वायरवर: आत जातंय की बाहेर येतंय ते कळेल. दुसरा आकडा शून्य होतो तो आरपीएम म्हणजे तुमची सीमारेषा.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत शंट पद्धतीचा रेग्युलेटर असतो. गरजेपेक्षा जास्त वीज आली की तो स्टेटर शॉर्ट करून व्होल्ट आवरतो, म्हणून तो हाताला चटका बसेल इतका तापतो. व्होल्ट १४.१-१४.२ वर अडकलेले असले की गाडी अजून किती देऊ शकते ते दिसतच नाही. लोड वाढवत न्या. व्होल्ट तिथून खाली घसरायला लागले की समजायचं, आता जेवढं येतंय तेवढंच येणार. मी त्यासाठी हेडलाइटचा जुना एच-४ बल्ब वायर जोडून ठेवलाय. काच तापते, विटेवर ठेवून लावा. आणि त्यावर ५५ वॅट लिहिलं असलं तरी साडेतेरा व्होल्टला तो साठच्या वर खातो. तुमचा हेडलाइटही तसाच खातोय, हे हिशोबात धरा.

प्रतिसाद ३

हेडलाइटच्या जागी एलईडी बल्ब टाका, तीसेक वॅट लगेच मोकळे होतील.

प्रतिसाद ४

वर सुचवलंय ते कृपा करून करू नका. एच-४ चा रिफ्लेक्टर फिलामेंटच्या जागेवर बेतलेला असतो. त्यात एलईडी घातला की उजेड भलतीकडे फाकतो आणि धुक्यात तर समोर पांढरी भिंत उभी राहते. समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरचे डोळे दिपले तर अरुंद घाटात धोका तुम्हालाच.

वायरिंगचंही बघा. फॉग लाइट बॅटरीवरून, रिलेतून (छोट्या करंटवर चालणारा मोठ्या करंटचा स्विच) आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज लावून घ्या. रिलेची चालू-बंद वायर इग्निशनवरून घ्या, म्हणजे चावी काढली की सगळं बंद. दीड स्क्वेअर एमएमची वायर या लोडला भरपूर झाली. मूळ वायर सोलून पिळलेला जोड असेल तर पावसात तो हिरवा पडतो, आधी तो काढा.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. ओळखीच्या इलेक्ट्रिशियन काकांकडून डीसी क्लॅम्प मीटर आणला आणि रविवारची अख्खी सकाळ घालवली.

खोक्यावरचे वॅट आणि खरे वॅट यांत बराच फरक निघाला. २० वॅटचा म्हणवणारा फॉग लाइट फक्त १.१ अॅम्पिअर घेतो, म्हणजे १४-१५ वॅट. ग्रिप पूर्ण गरमवर २.४, चार्जर फोन लावून ०.७. जोडलेल्या सगळ्याचे मिळून ५.३ अॅम्पिअर. गाडी स्वतः मात्र माझ्या अंदाजापेक्षा जास्त खात नाही, ९.२.

२,००० आरपीएमला आरआर युनिटमधून येतात १२.१. लागतात १४.५. बॅटरीच्या वायरवर बरोबर २.४ बाहेर जाताना दिसले! ३,००० ला १५.१ येतात, बॅटरीत ०.६ जातात. म्हणजे रांगताना माझी शिल्लक २.९ अॅम्पिअर, ३७ वॅटच्या आसपास. मी ९० धरून बसलो होतो.

ताशी २.४ गेले तर ८ अॅम्पिअर-अवरची बॅटरी दीड-पावणेदोन तासांत अर्ध्यावर येते, आणि थंडीत स्टार्टरला ती अर्धी पुरणार नाही.

आंबोलीचं कोडं अर्धंच सुटलं. दोन फॉग लाइट आणि चार्जर मिळून २.९ होतात, म्हणजे ग्रिप नसताना हिशोब जेमतेम शून्यावर यायला हवा होता. मग बॅटरी बसली का?

प्रतिसाद २

इंडिकेटर, ब्रेक लाइट, हॉर्न धरलेच नाहीत तुम्ही. शिवाय आयडलला थांबलात तेवढा वेळ बॅटरीतूनच जाणार. तरी एवढ्याने बसू नये. चावी काढून मिलिअॅम्पिअर मोजा बरं. जीपीएस ट्रॅकर आहे का? २० मिलिअॅम्पिअर म्हटले तरी दिवसाला जवळजवळ अर्धा अॅम्पिअर-अवर. दहा दिवस गाडी उभी राहिली की निम्म्याहून जास्त बॅटरी गेली.

मूळ प्रश्नकर्ता

आताच मोजून आलो. चावी काढल्यावर २६ मिलिअॅम्पिअर! ट्रॅकर नाही. एकेक वायर सोडवत गेलो, तर चार्जर निघाला. बसवणाऱ्या दुकानदाराने तो थेट बॅटरीवर जोडलाय, आतला छोटा दिवा आणि सर्किट रात्रंदिवस चालू. आंबोलीला निघण्याआधी गाडी आठवडाभर पार्किंगमध्ये उभी होती, म्हणजे निघतानाच बॅटरी निम्म्याखाली असणार आणि घाटात शिरेपर्यंत ती पूर्ण भरलीच नसावी.

चार्जर आता इग्निशनच्या रिलेवर घेतोय. घाटात ग्रिप बंद किंवा सगळ्यात खालच्या पायरीवर, आणि एक गिअर खाली ठेवून आरपीएम अडीच हजारांच्या वर. हँडलवर छोटा व्होल्टमीटर लावायचाय, म्हणजे १३ च्या खाली गेलं की आधी ग्रिप बंद करायच्या हे मागे बसून बायकोही सांगेल.

एकच विचारायचंय: स्पितीच्या थंडीत रात्री बॅटरी काढून खोलीत नेणारं कोणी आहे का? त्याने सकाळी स्टार्टरला खरंच फरक पडतो का?