लहान रिमोट हेलिकॉप्टर: घरातल्या सरावानंतर मोठ्या मॉडेलकडे वळताना काय काळजी घ्यावी?

प्रश्न

नमस्कार मंडळी. गेली दोन वर्षे मी एकावर एक दोन पंखे असलेले कोअॅक्सिअल हेलिकॉप्टर घरातल्या घरात उडवत होतो आणि त्यावर माझा हात बऱ्यापैकी बसला होता. अलीकडे ४५० या आकार-वर्गाचे कलेक्टिव्ह पिच, म्हणजे पात्यांचा कोन बदलता येणारे हेलिकॉप्टर घेतले. पहिल्याच दिवशी अंगणात ते हळूहळू उचलायला गेलो, तेव्हा स्किड (खालचे टेकण्याचे पाय) जमिनीवरून पुरते सुटण्याआधीच ते डावीकडे कलंडले, पाते फरशीवर आपटून तुटले आणि त्याचा बोटभर लांबीचा तुकडा माझ्या कानाजवळून जाऊन मागच्या लाकडी दारात रुतला. मी जेमतेम तीन मीटरवर उभा होतो. तेव्हापासून हात लावण्याचा धीर होत नाही, पण छंद सोडवतही नाही. माझे नेमके काय चुकले आणि पुढे काय पथ्ये पाळावीत, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १

आपल्याला इजा झाली नाही, हे वाचून फार हायसे वाटले. आपण जुन्या हेलिकॉप्टरच्या सवयीने या हेलिकॉप्टरकडे पाहिलेत, तिथेच घोटाळा झाला असे मला वाटते. ४५० वर्गाच्या पंख्याचा व्यास सुमारे ७० सेंटिमीटर असतो. तो मिनिटाला २८०० फेरे घेत असेल, तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी ३७० किलोमीटरच्या आसपास जातो. शेपटीचा पंखा याच्या चारपटीहून अधिक वेगाने फिरतो आणि तो लहान असल्यामुळे त्याच्याकडे दुर्लक्ष होते, पण बोटे कापण्याइतका जोर त्यातही असतो.

डावीकडे कलंडण्याचे कारण असे. बहुतेक मॉडेलांमध्ये मुख्य पंखा वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतो. त्याच्या उलट ओढीने नाक डावीकडे वळू नये म्हणून शेपटीचा पंखा शेपटीला सतत डावीकडे ढकलत असतो आणि तो जोर अख्ख्या हेलिकॉप्टरलाच डावीकडे सरकवतो. कोअॅक्सिअलमध्ये दोन्ही पंखे एकमेकांची ओढ रद्द करतात, त्यामुळे ही गोष्ट आपल्या अनुभवात कधी आलीच नसणार. उचलताना रिमोटची स्टिक किंचित उजवीकडे द्यावी लागते. शिवाय अर्धवट उचललेल्या अवस्थेत स्किडची एक कड जमिनीला अडकली की तीच बिजागरी ठरते. म्हणून पंख्याला आधी पूर्ण वेग येऊ द्यावा आणि मग न रेंगाळता, एका दमात, डोक्याइतक्या नव्हे पण कमरेइतक्या उंचीवर न्यावे. जमिनीलगत पंख्याचाच वारा परत येऊन हेलिकॉप्टर डळमळते. साधारण पंख्याच्या व्यासाइतके वर गेले की ते बरेच शांत होते.

उभे राहण्याचे अंतर मी स्वतः आठ मीटरपेक्षा कमी ठेवत नाही, आणि पंख्याच्या पातळीत तर कोणालाच उभे राहू देत नाही, कारण तुटलेले पाते त्याच पातळीत सुटते. जागाही अंगणाऐवजी मोकळ्या मैदानाची, गवताची असावी.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. त्यात थ्रॉटल होल्डची भर घालतो. हा स्विच मोटर बंद ठेवतो, पण पात्यांचा कोन मात्र आपल्या ताब्यात राहतो. एकदा मी बॅटरी जोडलेल्या अवस्थेत हेलिकॉप्टर डाव्या हातात धरून एक सैल बॉल लिंक (दांडीचा गोल सांधा) पाहत होतो. गळ्यातल्या ट्रान्समीटरची, म्हणजे रिमोटची, स्टिक शर्टाच्या बाहीने सरकली, पंखा फिरला आणि अंगठ्याला चार टाके पडले. होल्ड चालू असता तर काहीही झाले नसते. आता बॅटरी जोडण्यापूर्वी मी होल्ड टाकतो, तो मोठ्याने उच्चारतो, आणि हेलिकॉप्टर उतरल्यावर त्याच्याकडे पहिले पाऊल टाकण्याआधी पुन्हा टाकतो. पडते आहे असे दिसले तरी आधी होल्डच टाकावा. पाती जमिनीला लागताना मोटर जोर लावत राहिली की गिअर, सर्वो (पात्यांचा कोन हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि मोटर असा सगळाच चुराडा होतो.

ट्रान्समीटर आधी चालू करावा आणि सर्वांत शेवटी बंद करावा. बॅटरी जोडल्यावर जायरो (हेलिकॉप्टरचे वळणे ओळखणारा सेन्सर) स्थिर होईपर्यंत हेलिकॉप्टरला स्पर्श करू नये. आपटलेल्या हेलिकॉप्टरची फेदरिंग शाफ्ट (दोन्ही पात्यांच्या पकडी जोडणारी आडवी दांडी) काढून काचेवर लोळवून पाहावी. वाकली असेल तर ती तिथे लगेच उड्या मारते. पात्याला केसाएवढी चीर दिसली तरी ते बदलावे, चिकटवू नये. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीचा सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज करू नये, ठेवून द्यायची असेल तर ३.८ व्होल्टवर ठेवावी, फुगलेली वापरू नये आणि चार्जिंग चालू असताना जवळून उठू नये.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचाही मनापासून आभारी आहे. शाफ्ट आजच काढून पाहिली. ती खरोखरच वाकली आहे. एक शंका उरते: नाक माझ्याकडे वळले की माझे डावे-उजवे उलटे होते. त्याचा सराव कसा करावा?

प्रतिसाद ३

तो सराव संगणकावरच्या सिम्युलेटरवरच करावा, आणि शक्य असेल तर आपलाच ट्रान्समीटर त्याला जोडून करावा, म्हणजे होल्डच्या स्विचकडेही बोट आपोआप जायला लागते. मैदानात मात्र बरेच दिवस शेपटी आपल्याकडेच ठेवून हवेत स्थिर धरायला शिकावे, मग डावी बाजू, उजवी बाजू, आणि नाक समोर सर्वांत शेवटी. आडव्या काड्यांना चेंडू लावलेला प्रशिक्षणाचा सांगाडा स्किडखाली बांधला, तर परवासारखे कलंडणे बहुतेक वेळा टळते. नवी शाफ्ट बसवल्यावर पहिल्यांदा पाती न लावता मोटर फिरवून कंप येतो का ते पाहा.